डबल बेल, दुसरा गिअर

सगळा महाराष्ट्र हळूहळू ऑटोमॅटिक होत चालला आहे. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लच न दाबता गाडी हाकणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. त्याआधी ते सुख बड्या घरचं होतं. आता माजिवड्यापासून भिवंडीपर्यंत रोज ट्रॅफिकमध्ये तिष्ठणारा माणूस, डाव्या गुडघ्याचं पेन्शन एकदाचं सुरू झालं, या समाधानात असतो. नेमक्या याच काळात शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीला एका मर्सिडीजच्या पोटातून धडधाकट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाहेर काढण्यात आला आणि त्या जागी क्लचचा, दांडीचा, साधा गिअरबॉक्स चढवण्यात आला. हे काम माझ्या सख्ख्या मामांनी करवून घेतलं. म्हणजे मामीने करवून घेतलं, पैसे मामांनी दिले.

उंबरमाळी हे खर्डी आणि कसारा यांच्या मधलं स्टेशन. इथे उतरायला उठलेल्या पाहुण्याकडे डब्यातली मंडळी ‘चुकून उठला बिचारा’ अशा नजरेने बघतात. इथून पुढे कसारा, आणि कसाऱ्यानंतर लोकलचा विषय संपतो. घाट सुरू होतो. थळ घाटातून रेल्वे १८६५ पासून चढते आहे. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे सरकलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा किरकोळ चढ गाडीला एका इंजिनावर झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला तिच्या मागे आणखी इंजिनं जोडतात आणि ती इगतपुरीपर्यंत गाडीला ढकलत नेतात. त्यांना बँकर म्हणतात.

मामा या बँकरवर होते. नोकरीभर त्यांनी मागून ढकलण्याचं काम केलं. पुढे काय चाललंय ते दिसायचं नाही; दिसायची ती समोरच्या डब्याची पाठ. पुढच्या इंजिनाची शिटी ऐकायची आणि त्याप्रमाणे नॉच वाढवायचा किंवा कमी करायचा. विजेच्या इंजिनाला क्लच नसतो, गिअरची दांडी नसते आणि स्टिअरिंग तर नसतंच. निवृत्त होईपर्यंत मामांनी स्वतःहून एकही वळण घेतलेलं नव्हतं. सगळी वळणं रुळांनी घेतली.

मामी एसटीत कंडक्टर, शहापूर डेपोची. तिने तोच घाट रस्त्याने पालथा घातला. कंडक्टर तिकिटं फाडतो आणि सुट्या पैशांवरून भांडतो एवढंच आपल्याला दिसतं, पण त्याचा एक कान कायम इंजिनाकडे असतो. कुठला ड्रायव्हर कुठल्या वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, कोण आळशीपणाने तिसऱ्यावरच रेटतो आणि मग गाडी कशी कण्हते, हे मामी आजही डोळे मिटून सांगते. तिच्या मते एसटी ड्रायव्हर चालवत नाही. एक बेल दिली की थांबते, दोन दिल्या की निघते. मधल्या वेळात ड्रायव्हर काय करतो हा ज्याचा त्याचा प्रश्न.

अशा या घरात ऑटोमॅटिक गाडी आली.

गाडी १९८२ची मर्सिडीज २४० डी. मूळची दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीची. त्या काळी परदेशी वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि अशी गाडी मिळालेला माणूस ती कशी मिळाली याची हकिगत गाडीपेक्षा जास्त दिवस वापरत असे. पुढे २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि राजधानीतल्या कित्येक डिझेल म्हाताऱ्या एनओसी घेऊन देशोधडीला लागल्या. त्यातली ही एक, हात बदलत बदलत कल्याणपर्यंत आलेली. मामांनी ती पाहिली, दार लावल्याचा आवाज ऐकला आणि फंडाच्या पैशांना हात घातला. घरी येऊन म्हणाले, “क्लच नाही. डी वर टाकायचं आणि नुसता जोर वाढवायचा. आपल्या इंजिनाचीच जात आहे.”

या मॉडेलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर मामांवर अन्याय होईल. १९७५ च्या शेवटापासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत मर्सिडीजने या घराण्यातल्या सुमारे २७ लाख गाड्या बनवल्या. जर्मनीत त्या टॅक्सी म्हणून चालल्या आणि चालत राहिल्या. २४० डीला सुमारे १,४०० किलो वजन ओढायला ७२ अश्वशक्ती, म्हणजे गाडीला उतावळेपणाचा दोष कोणी देऊ शकणार नाही. त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असला की ती आणखी विचारी होते. ॲक्सिलेटर दाबला की आधी इंजिन ऐकतं, मग गिअरबॉक्स त्यावर चर्चा करतो, आणि ठराव मंजूर झाला की चाकं फिरतात.

शेजारच्या बाबांना हे प्रकरण समजावून सांगायचा मान मला मिळाला. मी सांगितलं, की इंजिनाला जोडलेली पाती एका डबीतलं तेल घुसळतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळतं, त्या जोरावर गिअरबॉक्स फिरतो. मधे लोखंडाला लोखंड घट्ट धरून नाही. बाबा म्हणाले, “म्हंजी इंजिनाचा आन् चाकाचा संबंधच नाय?” म्हटलं, तेलाचा संबंध आहे. बाबांनी मामांकडे करुणेने पाहिलं. ज्या माणसाचा जन्म नांगराच्या रुमण्याला हात लावून गेला, त्याला असा सैल संबंध पटणं कठीणच होतं.

पहिल्या रविवारी मामा-मामी खर्डीपर्यंत जाऊन आले. मामा खूश होते. मामी उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, भर जत्रेच्या दिवशी बसच्या मशीनला तिकिटाचा रोल संपल्यावर असावा तसा भाव होता. “कशी वाटली?” मी विचारलं. “काही वाटलंच नाही,” ती म्हणाली. “शेजारी बसलेल्या माणसाला कामच नाही.”

मामीचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मोटार एक माणूस चालवत नाही. एक जण स्टिअरिंग धरतो आणि बाकीचे चालवतात. ‘आता टाक दुसरा.’ ‘क्लचवरचा पाय काढ, जळेल.’ ‘अरे इंजिन बोंबलतंय, गिअर बदल की.’ ‘न्यूट्रल करू नको उताराला, पप्पांनी सांगितलंय.’ लायसन नसलेली माणसं हे जास्त ठामपणे सांगतात. मॅन्युअल गाडीत गिअर बदलण्याचे जितके प्रसंग, तितके सल्ल्याचे. ऑटोमॅटिक गाडीने हा सगळा संसार बसवला. गाडी गिअर कधी बदलते ते कळत नाही, आणि बदलल्यावर कळलं तरी टीका कोणावर करायची? मामांवर करावी तर त्यांनी काही केलेलंच नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने काही केलेलंच नाही हे बोलून दाखवण्यातही पहिल्या दिवसाची मजा दुसऱ्या दिवशी राहत नाही.

त्यानंतर गावाची पाळी आली. कसारा-शहापूर रस्त्यावर ट्रॅक्स चालवणारा एक पोरगा पारखायला म्हणून गाडीवर बसला. पुढे मामा, मागे मामी, मी आणि बाबा. गाडी वेगात आल्यावर पोराच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचं पायडल ऐसपैस रुंद असतं. डाव्या पायाला जे सापडलं ते तेच होतं. त्याने ते क्लचच्या श्रद्धेने तळापर्यंत दाबलं. मामांची टोपी काचेवर, बाबा मामांच्या पाठीवर, आणि मामी मात्र जागच्या जागी. एसटीतली माणसं अशा प्रसंगांना सरावलेली असतात. “ब्रेक चांगले आहेत,” एवढंच ती म्हणाली.

तरीही गाडी तशीच राहिली असती. घात केला बॅटरीने. पावसाळ्यातल्या एका सकाळी स्टार्टर फिरेना. आता उंबरमाळीला बंद पडलेली गाडी ही कोणा एकाची अडचण राहत नाही, तो सार्वजनिक कार्यक्रम असतो. पाच मिनिटांत पाड्यावरून, हॉटेलवरून, स्टेशनातून सुटलेल्या लोकलमधून माणसं जमली. बाह्या वर झाल्या. दोन पाण्याचे टँकरवालेही थांबले. (मुंबईला तानसा, वैतरणा आणि भातसा इथून पाणी पाजायचं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांना टँकरने प्यायचं, या शहापूरच्या शिरस्त्यामुळे टँकरवाल्यांना आमच्याकडे मान आहे, पावसाळ्यात ते बाकीची वाहतूक करतात आणि सल्ला बारमाही देतात.) सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. हायवेपर्यंत नेली, परत आणली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. करणार कसं? चाकं फिरली तरी तो गिअरबॉक्स इंजिनापर्यंत काही पोचवतच नाही. तेल दाबणारा त्याचा पंप इंजिन फिरलं तरच फिरतो. अशी गाडी ढकलून चालू होत नाही, ही बातमी जेव्हा त्या घामाघूम माणसांना कळली तेव्हा ते गप्प झाले. अपमान झाल्यावर होतात तसे गप्प. एकजण म्हणाला, “मंग ती ठेवलीय कशाला?”

मामा तर जास्तच खचले. ज्याने जन्मभर मागून ढकलून दीड-दीड हजार टनांच्या गाड्या डोंगरावर चढवल्या, त्याच्या दारात ढकलून उपयोग नसलेली वस्तू उभी होती.

त्यात उंदरांनी भर घातली. या गाडीचं डिझेल इंजिन किल्लीने बंद होतं ते विजेमुळे नाही. किल्ली फिरवली की निर्वात नळीतून ओढ बसते आणि पंपाचं डिझेल तोडलं जातं. दारांची कुलुपंही त्याच नळ्यांच्या जाळ्यावर चालतात. भाताच्या कणग्यांशेजारी उभ्या असलेल्या गाडीतल्या या रबरी नळ्या उंदरांना आवडल्या. तेव्हापासून किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच. जर्मनांनी त्याचीही सोय ठेवली आहे: बॉनेट उघडायचं, आत ‘स्टॉप’ असं लिहिलेली एक दांडी आहे ती दाबायची. म्हणजे अशी परिस्थिती आली, की गाडी चालू करायला गावाचा उपयोग नाही आणि बंद करायला किल्लीचा नाही. मामीने निर्णय जाहीर केला, “क्लच बसवून घ्या.”

शहापुरात एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांची उमेदीची वर्षं कुर्ल्याला गेली. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना. वालचंद हिराचंदांच्या या कंपनीने तिथे आधी डॉज-प्लिमथ जोडल्या आणि मग फियाट, जिची पुढे पद्मिनी झाली. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली, हँड गिअर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचा गिअर जमिनीतून उगवलेला, आणि एका रात्रीत हँड गिअर हे म्हातारपणाचं लक्षण ठरलं. त्या दिवसांत मिस्त्रींनी ढीगभर पद्मिन्यांचे गिअर स्टिअरिंगवरून काढून दोन सीटांच्या मधे आणले. पुढची सलग सीट काढून दोन बकेट सीट बसवायच्या, मधे दांडी. गिऱ्हाईक छाती फुगवून निघून जायचं. फरक काय पडायचा? “काय नाय,” मिस्त्री म्हणाले. “आधी पुढे तीन माणसं बसायची, मग दोन.” २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोक ज्या हँड गिअरसाठी हळहळले तो हाच.

त्याहीआधी त्यांच्या उस्तादांनी आणखी मोठी कामं केली होती. अमेरिकेत ओल्ड्समोबाइलने १९४० च्या मॉडेलला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि शेवरोलेने १९५० साली दोनच गिअरचा पॉवरग्लाइड आणला. तसल्या लांबरुंद गाड्या मुंबईत आल्या, आयात बंद झाली, सुटे भाग मिळेनात. मग सेठ लोकांच्या त्या गाड्यांतले ऑटोमॅटिक काढून ट्रकचे गिअरबॉक्स आणि डिझेल इंजिनं बसवण्यात आली. तिकडे आता काही हौशी लोक जुन्या गाडीतला ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवायला डॉलर मोजतात आणि त्याला छंद म्हणतात. आमच्या उस्तादांकडे तोच छंद नाइलाजातून सुरू झाला.

मिस्त्रींनी मर्सिडीजचं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, आणि खदाखदा हसले. मामांना वाटलं, गेलं काम. मिस्त्रींनी त्या ट्रॅक्सवाल्या पोराला हाक मारली आणि त्याच्या गाडीचंही बॉनेट उघडायला लावलं. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी. भावंडं! १९८० च्या दशकात पुण्याच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, डाइम्लर-बेंझकडून परवाना घेऊन जे इंजिन बनवायला घेतलं, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये घातलं, ते याच २४० डीच्या घराण्यातलं, ओएम ६१६. मुंबईच्या बंगल्यासमोर जे उभं राहिलं तर लोक फोटो काढतात, ते कसाऱ्याच्या नाक्यावर अकरा माणसं, दोन करडं आणि टपावर भाताची पोती घेऊन रोज चाललं होतं. ट्रॅक्सच्या पोराची मान त्या दिवसापासून जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही. आणि गावाने मर्सिडीजला त्याच संध्याकाळी ‘मामांची ट्रॅक्स’ म्हणायला सुरुवात केली.

म्हणजे सोय झाली. भंगारात निघालेल्या एका ट्रॅक्सचा गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट कल्याणच्या बाजूने पैदा झाली. पण ‘इंजिन तेच आहे, नट-बोल्ट जुळतील’ हे वाक्य गॅरेजमध्ये ज्या सहजतेने उच्चारलं जातं, त्या सहजतेने कुठलाच बोल्ट जुळत नाही. गाडी खड्ड्यावर घेतली. खालचा प्लग सोडताच ऑटोमॅटिकचं लालभडक तेल तसराळ्यात उतरलं, तेव्हा बघायला आलेल्या पोरांपैकी एक रडायला लागलं. मग तो बोजड डबा साखळीने खाली घेतला. त्याच्यामागे इंजिनाला जी पातळ तबकडी असते ती काढून तिथे जाडजूड फ्लायव्हील लावायचं. ते कसंही लावलं तर इंजिनाचा तोल जातो, म्हणून मिस्त्रींनी आधी खडूने खुणा केल्या आणि दोन्ही वस्तू तोल करायला पाठवल्या. क्रँकच्या टोकाला एक छोटं पायलट बेअरिंग लागतं, ते ऑटोमॅटिक गाडीत घातलेलंच नसतं. त्याची जागा आहे, बेअरिंग नाही. ते ठोकून बसवताना मिस्त्रींनी कोणालाही बोलू दिलं नाही. गावाच्या दृष्टीने हा कामाचा सर्वात कंटाळवाणा भाग.

रंजक भाग गिअरबॉक्स उघडला तेव्हाचा. जुना माल, आतून पाहून घ्यावा म्हणून मिस्त्रींनी झाकण काढलं. बाबा पुढे सरसावले. बाबा दरवर्षी पौष पुनवेला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला जातात, तिथे बैलबाजारात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एक गिअर बोटाने फिरवला, वाकून दात पाहिले, अंगठ्याने एकेक दात चाचपला आणि म्हणाले, “सहा दाती हाय. अजून दोन वर्सं वडंल.” मिस्त्रींनी सिंक्रो रिंगा बदलल्या, पण दुसऱ्या गिअरला हात लावला नाही. बाबांनी पास केला होता.

पायडलचा प्रश्न आला. रुंद ब्रेक कापून अरुंद केला आणि शेजारी ट्रॅक्सचं क्लच पायडल टांगलं, त्याचं झिजलेलं रबर तसंच. प्रॉपेलर शाफ्ट आखूड पडला. तो लेथवर नेऊन वाढवला. मग दांडी. ट्रॅक्सची दांडी जिथे वर येते तिथे मर्सिडीजमध्ये झेब्रा लाकडाची चकचकीत पट्टी आणि रेडिओ. ग्राइंडरने मधला बोगदा कापताना मामा बाहेर जाऊन उभे राहिले. दांडी कोपरात वाकवली, तरी पहिला गिअर टाकला की मूठ रेडिओच्या बटणाला लागते आणि आकाशवाणी बदलते. पी, आर, एन, डी लिहिलेली जुनी पट्टी मिस्त्रींनी काढली नाही. तिच्याखाली आता भोक आहे.

कायद्याचीही चौकशी झाली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. मामांनी आरसी काढून वाचली. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, आसनं, रंग. गिअरबॉक्सचा रकानाच नाही. पन्नास वर्षं झाली की गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, असा नियम २०२१ मध्ये आला. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं म्हटलंय. ही गाडी पन्नाशीला पोचेल २०३२ साली, आणि शिवाय असली गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, डिझेल भरायला आणि दुरुस्तीला काढायची. मामी म्हणाली, आपली गाडी तशीही फक्त डिझेल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर निघते.

काम पूर्ण झालं. मिस्त्रींनी नारळ फोडला, मामांनी किल्ली फिरवली. काहीच नाही. बॅटरी नवीन, स्टार्टर चांगला, तरी टिक नाही की टॉक नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरला. मामांचा उतरण्याच्या बेतात होता. एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “आता क्लच हाय ना?”

त्यानंतर जे झालं त्याला मी उत्सव म्हणेन. माणसं धावली. टँकरवाले आले, ट्रॅक्सवाले आले, स्टेशनावर लोकलची वाट पाहणारे पिशव्या ठेवून आले. मामी खिडकीत वाकून उभी. गाडी हलली, वेग आला, मामी ओरडली, “दुसरा टाका! दुसरा! सोडा क्लच!” मामांनी सोडला. गाडीने एक आचका दिला, मागची दोन माणसं आडवी झाली, काळा धूर निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं. या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा पेटल्यावर विजेची गरज नसते. बॅटरी काढून घेतली तरी ते चालतं. गावाने टाळ्या वाजवल्या. नंतर वायरमनच्या पोराने शोध लावला, की ऑटोमॅटिक गाडीत पी किंवा एनवर असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, त्याचं बटण जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघून गेलं. त्याने दोन तारा पिळून जोडल्या आणि टेप मारली. स्टार्टर तेव्हापासून उत्तम चालतो. तरी सकाळी चारजण ढकलायला येतातच, आणि मामा त्यांना नाही म्हणत नाहीत.

बारीकसारीक गोष्टी राहिल्यात. स्पीडोमीटरची केबल नव्या गिअरबॉक्सला जोडली, पण हिशेब जुळला नाही. काटा ऐंशी दाखवतो तेव्हा शेजारून सायकलवाला जाऊ शकतो. पहिला गिअर माल ओढायचा, त्यात गाडी जोरात ओरडते आणि जागची फारशी हलत नाही. साठच्या पुढे शाफ्ट थरथरतो, अर्थात साठ कुठल्या काट्याने मोजायचे हा प्रश्न आहे. जुना ऑटोमॅटिक पडवीत गोणपाट घालून ठेवलाय. भंगारवाला ॲल्युमिनियमच्या भावाने मागत होता, मामांनी दिला नाही.

मोठा बदल वेगळाच झाला. घाटात मामा गोंधळायला लागले. त्यांच्या हाताला नॉच एकामागून एक चढवत नेण्याची सवय. चढावर गिअर कमी करायचा हेच त्यांना पटेना. “जोर हवा तर वाढवायचं की उतरवायचं?” ते वैतागून विचारायचे. लतीफवाडीच्या वळणाला मामी तीन वेळा ‘दुसरा’ म्हणाली, मामांनी चौथा टाकला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवले. मामी खाली उतरली, पुढून फिरून ड्रायव्हरच्या दाराशी आली आणि म्हणाली, “सरका.”

मामीने रीतसर लायसन काढलं. विलायतेत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर क्लचची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे गिअरची आणि बिनगिअरची अशी पंगत स्कूटर-मोटारसायकलला वेगळी बसते, मोटारगाडीला नाही. मामी मात्र क्लचवरच पास झाली. आता तीच चालवते. निघताना डॅशबोर्डवर दोनदा टिचकी मारते, मग पहिला टाकते, रेडिओ बदलतो, आणि गाडी निघते. तिच्या शेजारी बसायला आता गावात चढाओढ असते.

मामा शेजारी बसत नाहीत. ते मागच्या सीटवर बसतात. मी म्हटलं, मामा, पुढे बसा की, रस्ता तरी दिसेल. “मला कशाला दिसायला हवा?” ते म्हणाले. घाट लागला की ते पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरतात, मामीने हॉर्न वाजवण्याची वाट बघतात, आणि हॉर्न वाजला की सगळा भार पुढे टाकून रेटायला लागतात.